गालातला दोडका

माझ्या लोखंडी ट्रंकेत, शालूच्या घडीखाली, एक प्रमाणपत्र आहे. बालआहार प्रशिक्षण, दहा दिवस. ते मिळालं तेव्हा मी पंचविशीची होते, आणि त्या दहा दिवसांत मला जे कळलं ते उभ्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही अशी माझी खात्री होती. तेव्हापासून मला ताटातलं अन्न दिसायचंच बंद झालं. गाजर दिसलं की मी 'अ जीवनसत्त्व' म्हणायचे आणि लिंबू दिसलं की 'क'. सासूबाईंनी एकदा गरम पिठलं वाढलं, तर मी ताटाकडे बघून म्हणाले, "प्रथिनं आहेत, पण हिरवं काही नाही." त्यांनी शांतपणे एक हिरवी मिरची उचलून माझ्या ताटात ठेवली. "घे. हिरवं."

तेव्हा मी पेठेतल्या एका बालवाडीत शिकवत होते. भिंतीवर चौरस आहाराचा तक्ता, हातात पट्टी, पट्टीचं टोक सफरचंदावर. "हे काय?" "सफऽरचंद!" "खाल्ल्यानं काय होतं?" "शऽक्ती येते!" वर्गातल्या निम्म्या पोरांनी सफरचंद फक्त गाड्यावर बघितलेलं. एका पोरीनं विचारलं, "बाई, ते आत कसं असतंय?" मी म्हणाले, "आत खनिजं असतात." ती पोर पुढं बरेच दिवस फळवाल्याच्या गाडीला वळसा घालून जायची म्हणे.

अशी मी शिक्षिका. ती नोकरी मी तीन वर्षांत सोडली, आणि का सोडली याची माझी एक गोष्ट ठरलेली होती. मुलगा लहान होता, माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेईना, मग मी म्हटलं, नोकरी काय पुन्हा मिळेल, लेकराचं वय पुन्हा मिळायचं नाही. हे वाक्य मी हळदीकुंकवात म्हटलं, बारशांत म्हटलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला जिलेबी खाता खाता म्हटलं. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं, कारण मी बोलायचेच तसं.

त्या गोष्टीत एकच खोट होती. ती खरी नव्हती. खरं जे घडलं ते मी पस्तीस वर्षं गिळून बसले होते, आणि गेल्या एप्रिलमध्ये ते वर आलं. कारण माझी नात.

नात चार वर्षांची. ती फक्त पांढरं खायची. भात, दही, दूध, इडली, साखर. खोबऱ्याची वडी चालायची, पण गुलाबी नको. चपातीला पांढऱ्यात धरायची, मात्र तव्यावरचा तपकिरी डाग असला तर तेवढा नखानं उचकटून ताटाच्या काठावर मांडायची. जेवण संपलं की काठावर डागांची रांग आणि मधोमध भोकं पडलेली चपाती.

घरात हा विनोद होता, तोवर ठीक होतं. पण सुनेला फौंड्रीतून बोलावणं आलं. ती इंजिनिअर आहे, कास्टिंगची ड्रॉइंग काढते. लेकीच्या जन्मापासून घरात होती. एक जूनपासून या, असं त्यांनी कळवलं. नातीची बालवाडी साडेअकराला सुटायची, पण तिथंच चार वाजेपर्यंत मुलं ठेवायची सोय होती. दुपारचं जेवण तिथंच शिजायचं, सगळ्या पोरांना एकच. घरात मी होतेच की, असं कुणी म्हणेल. पण माझा उजवा गुडघा मेच्या अखेरीस बदलायचा ठरला होता. दोन महिने खाट. खाटेवरून चार वर्षांच्या पोरीमागं धावता येत नाही.

बालवाडीच्या बाई तरुण, पेठेतल्याच, बोलायला सडेतोड. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशा बोलायच्या. म्हणाल्या, "काकू, पोरगी गुणाची हाय, पण दोन दिवस चारपर्यंत ठेवून बघितली. अन्नाला शिवली न्हाई. तोंड असं मिटून बसली, जसं काय कुलूप. उपाशी पोर मी कसं ठेवू सांगा? एप्रिल संपायच्या आत इथलं जेवायला लागली तर ठेवून घेतो. न्हाईतर जागा दुसऱ्याला द्यायला लागणार."

घरी येऊन मी हे सुनेला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती. हातात मोबाईल, त्यावर कुठलंसं जुनं ड्रॉइंग, बोटांनी मोठं करून बघत होती. म्हणाली, "राहू दे आई. कळवून टाकते त्यांना, जमणार नाही म्हणून. तुम्ही नव्हती का सोडली तुमच्या लेकासाठी? तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही. मलाही नाही वाटणार."

आणि पुन्हा ते ड्रॉइंग मोठं केलं.

खरं बोलायची हीच वेळ होती. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण पस्तीस वर्षं जिच्यावर बायका रडल्या ती गोष्ट अशी ओट्यापाशी उभ्या उभ्या मोडवेना. त्याऐवजी मी म्हणाले, "थांब. एवढ्यात काय कळवू नकोस. पंधरा दिवस दे मला. प्रमाणपत्र हाय माझ्याकडं."

सून नाशिककडची, सभ्य. ती हसली नाही.

पहिल्या दिवशी मी जुनंच हत्यार काढलं. नातीला समोर बसवलं, भेंडी हातात धरली, आवाज बालवाडीचा. "ही भेंडी. हिनं माणूस हुशार होतो."

"पप्पा खातात?"

"खातात की."

"मग आई त्यांना रोज 'डोकं ठिकाणावर आहे का' का विचारती?"

भेंडी परडीत परत गेली.

रविवारी घरात मटण होतं. मी मनात म्हटलं, आता सापडलीस. आपल्या गावानं रस्सा पांढरा कशाला केलाय मग? वाटी तिच्यापुढं ठेवली. "बघ, दुधासारखा." ती वाटीवर वाकली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि वाटी माझ्याकडं सरकवली.

"आज्जे, ह्याला वास तांबडा येतोय."

मी वाटी नाकाशी नेली. खोबऱ्याच्या दुधाखाली, आल्या-लसणाखाली, मटणाच्या अळणी पाण्याखाली खरंच काहीतरी तांबडं होतं. त्याच ओट्यावर, शेजारच्या पातेल्यात, तांबडा रस्सा उकळत होता. मला जे साठीत कळलं नाही ते हिच्या नाकाला चौथ्या वर्षी कळत होतं. मी जन्मभर पोरांच्या तोंडाकडं बघत आले. ही पोरगी नाकानं नको म्हणत होती.

मग मी प्रमाणपत्र तात्पुरतं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फरशीवर पाच वाट्या मांडल्या, वर झाकणं. "खायचं न्हाई हं," मी दरडावलं, "हात लावलास तर बघ. फक्त वास घ्यायचा आणि कशासारखा हाय ते सांगायचं." खायचं नाही म्हटल्यावर तिचे खांदे एकदम खाली आले. इतके दिवस ते कानापाशी होते हे मला तेव्हा दिसलं. गुळाची वाटी उघडली. ती म्हणाली, "आजोबांचा शर्ट." आजोबांनी गुळाच्या अडतीवर जन्म काढलेला, त्यांच्या शर्टाला खरंच तो वास यायचा. ते गेल्यावर शर्ट तिनं कधी हुंगला कोण जाणे. आलं, "डॉक्टर." कोथिंबीर, "आई भाजी घेऊन आली." हिंगाची डबी मात्र तिनं हातभर लांब धरली. "हे भांडालंय."

मग खेळ वाढत गेले. डोळे मिटून काकडी मोडायची, शेंग फोडायची, पापड चुरायचा, आणि आवाजावरून ओळखायचं. गव्हाच्या पिशवीत भाज्या पुरायच्या आणि हात घालून शोधायच्या. वांगं हाताला लागलं की ती "टक्कल!" म्हणून ओरडायची. भेंडी चिरल्यावर तिचे काप नाकाला, गालाला चिकटवून ती आरशात बघत बसायची. आणि दोडका तर तिचा जीव की प्राण झाला. त्याच्या शिरांवरून नखं ओढली की कर्रर्र वाजतं. घरभर ती दोडका कानाला लावून हिंडायची. लेक जेवायला बसला की मुद्दाम त्याच्या मागं जाऊन वाजवायची. लेक अडतीस वर्षांचा, पण दोडक्याचं नाव काढलं की अजून ताट उचलून दुसरीकडं बसतो. "आई, हे बंद करायला सांग तिला," तो म्हणायचा. का ते मला ठाऊक होतं. मी आमटी ढवळायचे.

आठवडा झाला. नातीला मंडईतली प्रत्येक भाजी नाकानं, कानानं, बोटानं पाठ होती. खात मात्र एकही नव्हती. ओळख झाली होती, सोयरीक काही होत नव्हती.

पण बालवाडीत जाऊन तिनं हे सगळं सांगितलं. बाईंचा निरोप आला, "काकू, शनिवारी वर्गात या की. आमच्या पोरांनाबी खेळवा."

झालं. ट्रंकेतली पंचविशीतली ती बया उठून बसली. मी इस्त्रीची साडी नेसले. दहा वाट्या, झाकणं, पिशव्या भरल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगते. प्रमाणपत्र पर्समध्ये घातलं. न जाणो, कुणी विचारलंच तर.

आता एप्रिल म्हणजे आमच्याकडं चटणीचे दिवस. वर्षाची कांदा-लसूण चटणी एकदाच करायची. गच्चीवर मिरच्या वाळतात, मसाला भाजून घ्यायचा, मग मिरची कुटायच्या डंकावर जाऊन नंबर लावायचा. डंकाचे मुसळ धाड धाड पडतात, तांबडा धूर उठतो, आणि सगळ्या बायका नाका-तोंडाला फडकं बांधून एकमेकींकडं नुसत्या डोळ्यांनी बघत उभ्या असतात. गुरुवारी मी तेच करून आले होते. नाकाला बांधलं होतं आजोबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं. घरी येऊन एका पाण्यानं धुतलं, दोरीवर टाकलं.

शनिवारी पोरांच्या डोळ्यांवर बांधायला मऊ काही हवं होतं. दोरीवर ते होतं.

एप्रिलमध्ये घरातलं कुठलंही फडकं डोळ्याला लावू नये, हे बाहेरगावच्या पावण्याला सांगावं लागतं. मी पावणी नव्हते. या गावात मला चाळीस वर्षं झाली होती.

वर्गात अठरा पोरं अर्धगोल बसली. नात पहिल्या रांगेत, मांडीवर दही-भाताचा डबा, चेहऱ्यावर 'ही माझी आज्जी' असं लिहिलेलं. मी वाट्या मांडल्या आणि जुन्या बालवाडीच्या आवाजात म्हणाले, "बाळांनो, आज आपण डोळे बांधून ओळखणार आहोत. भ्यायचं नाही. आधी आज्जी बांधून दाखवणार." हा एवढा मोठेपणा मी केला म्हणून ती अठरा लेकरं वाचली.

फडकं बांधलं. घट्ट बांधलं, कारण मी कामाची पक्की. पहिले दोन क्षण काही नाही. उकाडा होता, कपाळाला घाम आला, घाम फडक्यात उतरला. आणि मग गुरुवारचा अख्खा डंक माझ्या डोळ्यांत शिरला.

मी "आई गंऽ" म्हणून उठले. गुडघा विसरले. एक वाटी लाथेनं उडाली, धणे सगळीकडं. पोरांना वाटलं, हाच खेळ आहे.

"आज्जी नाचालीय!"

"मला पण नाचायचंय!"

"वास घ्या रे, वास घ्या! ओळखायचं हाय!"

आणि अठरा नाकं वर झाली. एका पोरीचा आवाज आला, "चटणी! माझ्या आईच्या हाताला असलाच वास येतोय!" मग सगळ्यांनी सुरात, "चऽटणी! चऽटणी!" त्या दिवशी सगळ्या वर्गानं बरोबर ओळखलेला तेवढा एकच वास. मी गाठ सोडायला बघत होते, पण गाठ मी मारलेली होती, सुटते कुठली. बाई कात्री शोधत होत्या. "काकू, डोळं चोळू नका! चोळू नका म्हणतो न्हवं!" मी चोळत होते.

फडकं कापलं. डोळे उघडेनात. तेवढ्यात माझा पदर खाली ओढला गेला.

"आज्जे, खाली बस."

बसले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. मग थंडगार, गिळगिळीत काहीतरी माझ्या पापण्यांवर आलं. तिनं आधी उजव्या डोळ्यावर लावलं, मग डाव्या, मग नाकावर, मग जिथं जागा दिसली तिथं. मधे मधे भाताची शितं.

"पांढरं लावलं की बरं वाटतंय," ती म्हणाली. डॉक्टर सांगतात तशा आवाजात.

तिच्या डब्यात खाण्यासारखं तेवढंच होतं. तिनं ते सगळं लावलं. तळ खरवडल्याचं मला ऐकू आलं.

घरी आणलं तेव्हा मी खाटेवर, डोळ्यांवर थंड दुधाच्या कापसाच्या घड्या, केसांत शितं. सून उशाशी बसून घड्या बदलत होती. हसू दाबत असावी, कारण घडी सारखी डोळ्यावरून नाकावर घसरत होती. मग म्हणाली, "आई, खूप केलंत तुम्ही. आता पुरे. मी सोमवारी कळवते फौंड्रीत."

समोरच्याचं तोंड दिसत नसलं की खरं बोलायला सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

"कळवू नकोस," मी म्हणाले. "मी नोकरी लेकासाठी सोडली न्हवती."

घडी बदलणारा हात थांबला.

मग मी सांगितलं. बालवाडीत तपासणीला मोठ्या बाई येणार होत्या. मी आधीच पैज लावल्यासारखं कळवून ठेवलं होतं की माझ्या वर्गातलं मूल सगळ्या भाज्या खातं. दाखवायला माझाच मुलगा, तीन वर्षांचा. आठवडाभर मी घरी त्याची तालीम घेतली. नाक धरायचं, तोंड उघडलं की दोडक्याची फोड आत, आणि "दहा म्हणायच्या आत गिळ". तपासणीच्या दिवशी त्यानं शहाण्यासारखं तोंड उघडलं, फोड घेतली, तोंड मिटलं. मी सगळ्यांकडं बघून म्हणाले, "बघा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई खूश. मग गाणी झाली, तक्ता झाला, पट्टी झाली, चहा झाला. तासभर तो पोरगा एक शब्द बोलला नाही. मी मनात म्हटलं, काय शिस्त आहे! निघताना मोठ्या बाई त्याच्यापुढं वाकल्या. "किती गोड गाल गं याचे," म्हणाल्या, आणि डावा गाल चिमटीत धरला.

दोडका बाहेर आला. सगळा. तासभर मुरलेला. त्यांच्या मोतिया रंगाच्या साडीवर, पदरापासून निऱ्यांपर्यंत.

"काय म्हणाल्या त्या?" सुनेचा आवाज अगदी बारीक.

"काय न्हाई. रुमालानं पुसलं. म्हणाल्या, 'बाई, तासभर हा हेच सांगत होता.' माझ्याविरुद्ध एक ओळ लिहिली न्हाई त्यांनी. मला कुणी काढलं न्हाई, पोरी. दुसऱ्या दिवशी माझाच पाय उचलेना. चिठ्ठी पाठवून दिली, मुलाच्या जेवणामुळं येऊ शकत न्हाई म्हणून."

"ते तर एका अर्थी खरंच होतं."

"तेवढंच खरं होतं. बाकीचा त्याग मी मागनं घातला. चवीला."

आता ती हसली. आधी नाकातून, मग खाट हलेपर्यंत. "आणि मी," तिला बोलता येईना, "मी तुमचं बघून कळवणार होते! तुमच्या दोडक्यासाठी!" हसू ओसरल्यावर तिनं नवी घडी दुधात बुडवून माझ्या डोळ्यावर ठेवली. मग तिनं विचारलं, "वाईट वाटायचं, आई?"

"रोज. साडेदहाला. बालवाडीची घंटा घरात ऐकू यायची."

दाराच्या बाजूनं श्वास ऐकू आला. कुणीतरी बराच वेळ श्वास धरून उभं होतं.

"पप्पांनी बाईंच्या अंगावर थुंकलं?"

नातीची पावलं खाटेपाशी आली.

"तासभर गालात ठेवलं?"

"व्हय," मी म्हणाले. आता लपवायचं काय राहिलं होतं?

"कुठल्या गालात?"

"डाव्या."

"मी पण ठेवणार. मला दोडका दे."

सून उठली. दुपारची भाजी दोडक्याचीच होती, दाण्याचं कूट घालून केलेली. मला काही दिसत नव्हतं, पण आठवडाभर मी तिला जो खेळ शिकवला तो आता मीच खेळत होते. वाटीचा आवाज. चमचा वाटीला लागल्याचा आवाज. लांब श्वास, म्हणजे वास घेतला. मग बराच वेळ काही नाही. सुनेच्या बांगड्यासुद्धा वाजेनात. पोरगी सकाळपासून उपाशी होती, तिचं जेवण माझ्या तोंडाला फासलेलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आज्जे."

"काय गं?"

"गेला."

"कुठं गेला?"

"आत. आपला आपणच गेला." आवाजात चीड होती. "दुसरा दे. हा नीट धरतो."

दुसरीही फोड गेली. तिसरी तिनं म्हणे दोन्ही हातांनी गाल दाबून धरली होती, तरी गेली. सुनेनं नंतर सांगितलं, एकूण सात पळाल्या. आठव्या वेळी वाटी रिकामी होती. "पप्पांना कसं जमलं?" तिनं विचारलं. तिला बापाबद्दल एवढा आदर त्याआधी कधी वाटला नव्हता.

आवडला का, असं मी विचारलं नाही. बालवाडीच्या बाईंना सुनेनं कळवलं, अजून एकदा चारपर्यंत ठेवून बघा. एप्रिलचा शेवटचा आठवडा त्यांनी ठेवलं. शुक्रवारी त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला, सून शेजारी, हाताची घडी घालून.

"काकू, जेवती."

सुनेनं डोळे मिटले.

"पण ऐका तर खरं. आधी वास घेती. मग चपाती कानापाशी धरून फाडती. मग भाजी गालात धरून बसती, किती वेळ राहती बघायला. आणि आता सगळी पोरं तेच करायलीत! बाराला बसलेली पंगत अडीचला उठती. एक पोरगं काल आमटी गालात धरून झोपलं!"

"मग," मी घाबरत विचारलं, "ठेवून घेणार न्हवं?"

"न ठेवून करतो काय? ह्यांचं जेवण व्हायलाच चार वाजायची वेळ आलीय."

एक जूनला मी दवाखान्यातून येऊन खाटेवर होते, गुडघ्याला पट्ट्या, खाली उशी. सून खांद्याला बॅग लावून दारापर्यंत गेली आणि परत आली. "आई, जाऊ?"

"जा की. साडेदहाच्या आत जा."

तिला कळलं. गेली.

दुपारी लेक आला. त्यानं आठवडाभर रजा घेतली होती, आणि मोतिया रंगाच्या नव्या शर्टाची घडी मोडली होती, कारण संध्याकाळी बायकोला फौंड्रीच्या दारातून आणायला जायचं होतं. हातात ताट. तोंड दुसरीकडं वळवलेलं, नाक आक्रसलेलं, म्हणजे ताटात काय असणार ते मी ओळखलं. अळणी. तिखट नाही, चटणी नाही, दाण्याचं कूटसुद्धा नाही.

"हे काय?"

"दोडका. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. आणि हिरवं द्यायला सांगितलंय."

"आधी वास तर घेऊ दे."

"आई, नाटकं नकोत." त्यानं चमचा माझ्या तोंडापुढं धरला. पस्तीस वर्षं वाट बघितल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. "आ कर. दहा म्हणायच्या आत संपवायचं. एक. दोन."

मी शहाण्यासारखं तोंड उघडलं. फोड घेतली. तोंड मिटलं.

"गिळलंस?"

मी मान हलवली. त्याला बरं वाटलं. ताट खाली ठेवून, माझ्या गुडघ्याखालची उशी सरळ करायला तो माझ्यावर वाकला.